लॉर्नासाठी आलेला फोन

रविवार, १२ मे
ब्याऐंशी–शून्य हरलो. आमच्या प्रकारच्या रग्बीला तेराजणी लागतात, आम्ही बाराच गेलो — दोन गाड्या आणि डेबीच्या मासळीच्या दुकानाची व्हॅन. समोरच्या शहरवाल्या मुलींना पगार, डॉक्टर, बाकावर चौघी ताज्यातवान्या. आमच्या मुली कारखान्यात सुटी मागून आलेल्या. लॉर्ना — माझ्या भावाची मुलगी — शेवटपर्यंत एकटी भिडत होती. त्यांची कोच तिच्याकडेच बघत होती.

मंगळवार, १४ मे
फोन आलाच. त्याच कोचबाईचा. लॉर्नाला घेतो, पगार देतो, राहायला जागा देतो. मी म्हटलं, तिला यायचं नाही. आणि ठेवून दिला. लॉर्नाला विचारलंसुद्धा नाही! ती गेली तर संघच उभा राहत नाही. आणखी एकदा मुली कमी पडल्या तर लीगमधून नाव काढणार — तसं पत्र आलंय. सतरा वर्षं चालवतेय मी हा क्लब. सतरा!

गुरुवार, १६ मे
सरावाला सहाजणी. आमची निकोला आणि तिची बहीण शहरवाल्यांकडे गेल्या. तिथे बाकावर बसायला!

रविवार, १९ मे
सामना नव्हता. लॉर्ना जेवायला आली. काही निरोप आहे का, असं सहज विचारलं तिने. नाही म्हटलं. तिने बटाटे सोलून दिले आणि न जेवताच गेली. डोकं दुखतंय म्हणाली.

रविवार, २६ मे
कशाबशा तेरा भरल्या. तेरावी डेबी, वय चव्वेचाळीस. "पळणार नाही हां मी, नुसती आडवी येईन."

उत्तरार्धात लॉर्ना दोघींखाली सापडली. गुडघ्याचा आवाज मला मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू आला. आमच्याकडे डॉक्टर कुठला — गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसले, अँब्युलन्स येईपर्यंत. ती रडली नाही. हॉस्पिटलात म्हणाले, वर्षभर खेळणं नाही. कदाचित पुढेही नाही.

सोमवार, २७ मे
तेराजणी उतरल्या, म्हणून नाव राहिलं. सगळे अभिनंदन करतायत. मी फोन बंद करून ठेवला.

बुधवार, २९ मे
आज सांगून टाकलं. फोनचं. तिच्या खाटेशी उभी राहूनच.

तिने पायाची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "माहीत आहे, आत्या. त्यांनी आधी मलाच विचारलं होतं. मीच म्हटलं, आत्याला विचारा. ती सोडत असेल तर येते."