आधी धान, मग माणूस

बाबूजी, मी गाडी घेतली. चारचाकी. तुम्ही असता तर रंग, कंपनी काही न विचारता आधी विचारलं असतं, धानाच्या बोऱ्या किती बसतात? तशी ती छोटीच आहे, पण छोट्यांमधली ऐटबाज. समोर टीव्हीसारखा पडदा, मागे घेताना मागचं दाखवणारा कॅमेरा, ताकाच्या रंगाच्या सीटा. गोंदियाच्या बाजारातल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालणं म्हणजे म्हशीला जिन्यावर चढवणं, ही मात्र सुळकन निघते. नवी नाही, जुनी आहे. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाई ती दवाखान्यात जाण्यायेण्यापुरती वापरत होत्या, असं विकणाऱ्यानं सांगितलं. बँकेतल्या एका मित्रानं मला आधीच पढवून ठेवलं होतं, की पायाखालची चटई उचलून हुंग, पाण्यात बुडालेली गाडी वासावरून कळते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लाव. बॉनेटचे नटबोल्ट कोणी खोलले आहेत का बघ. मी सगळं हुंगलं, ठोकलं, वाकून पाहिलं. बैल घेताना तुम्ही दात पाहत होता, त्याच तोऱ्यात.

विकणाऱ्यानं सीटांवर नवं कोरं प्लास्टिक चढवून ठेवलं होतं. काढू का, म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. गोंदियाला लागूनच, फुलचूरला माझ्या घरासमोर गाडी लावली तेव्हा शेजारी गच्चीवरून विचारते झाले, "नई ली क्या?" मी म्हटलं, "बस, अभी लाए." खोटं काही बोललो नाही, पण खरंही नाही. जुन्या गाडीचे नवेपणाचे नऊ दिवस मी त्या प्लास्टिकच्या जोरावर काढत होतो. सगळ्यांना मात्र एकच सांगत होतो की मायसाठी घेतली. ते खरं होतं. तिचे गुडघे गेलेत, यष्टीची पायरी तिला चढवत नाही, डोळे दाखवायला हवेत. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं ती गावाकडचं, सौंदडचं घर सोडायला तयार नव्हती. या दिवाळीनंतर कशीबशी हो म्हणाली, की येतो बा तुह्याकडे राहायला. म्हणून गाडी.

आता लुना आठवते. तुम्ही ती इटियाडोह धरणाकडच्या एका गुरुजींकडून जुनीच आणली होती. लुना अंगणात उभी आहे, सकाळचं ऊन आहे, आणि मी शाळेचं दप्तर घेऊन आधीच मागच्या सीटवर चढून बसलोय. तुम्ही मला काखेत धरून खाली उतरवता. रागावत नाही, पण थट्टेनंही नाही. "आधी धान बसते, मंग मानूस." कोठीतून पसाभर नव्हे, चांगली अर्धी बोरी धान आणता, पायदानावर आडवी ठेवता, माय तिला कुंकू लावते, आणि तुम्ही एकटे त्या बोरीला घेऊन गावाबाहेरच्या देवापर्यंत जाऊन येता. बैलांची बंडी आणली तेव्हाही हेच केलं होतं, सायकल आणली तेव्हाही. गावात दुसऱ्या कोणाकडे ही रीत नव्हती. आपल्या आज्यानं काढली की त्याच्या आज्यानं, तुम्हालाही माहीत नव्हतं. माय म्हणायची, तुमच्या घरात बायकोलाही बोरीच्या मागून जागा मिळते. मग तुम्ही तिला लुनावर मागे बसवून अंगणातल्या अंगणात एक फेरी मारलीत. ती तुमच्या खांद्याला धरून लाजत होती. ते मला आजही जसंच्या तसं दिसतं.

मायला आणायला गेलो त्या दिवशी कापणी संपत आली होती. गाव नुसतं धानाच्या तणसाच्या वासानं भरलं होतं. बायको बरोबर होती. गाडी दारात लागली तसे काकू आणि शेजारच्या दोघीतिघी पाहायला आल्या. कोणी आरशात तोंड पाहून घेतलं, कोणी पडद्याला बोट लावलं. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात माय मागच्या दारानं आली. नवं लुगडं, हातात कुंकवाची डबी, आणि मागून गडी पाठीवर बोरी घेऊन. खळ्यावरचं ताजं धान, अजून ओलसर, बोरीच्या विणीतून कुसळं बाहेर आलेली, खाली धूळ गळते आहे. तिनं पुढचं दार उघडायला हात घातला.

मी म्हटलं, माय, हे राहू दे. सीट खराब होईल.

ती हसली. तिला वाटलं मला आठवत नाही. "काऊन बा? आधी धान बसते न. तुहे बाबूजी का म्हणत होते, विसरून गेला का?"

मला आठवत होतं बाबूजी. बोरी दिसली त्याच क्षणी आठवलं होतं. तरी मी त्या बायांसमोर, गड्यासमोर म्हणालो, "माय, ही बंडी नोय."

डिकीत ठेवू, असंही मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी डिकीतल्या गालिच्याची काळजी वाटली असती. मायनं कुंकवाची डबी पदराला बांधली. गड्याला म्हणाली, बोरी स्टँडावर नेऊन ठेव. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी व्हा समोर. मी येतो यष्टीनं."

मी विनवलं, चिडलो, पुन्हा विनवलं. ती गेली. मग मी काय केलं सांगू? बसच्या मागे मागे गाडी चालवत राहिलो. कोहमाऱ्याला बस थांबली, मी थांबलो. गोरेगावला थांबली, मी थांबलो. बसच्या मागच्या काचेतून मायचं डोकं दिसतंय का ते पाहत होतो. गार हवा लावलेली होती आणि मला घाम फुटत होता. बायकोनं एकदा हात लांब करून गाणं बंद केलं. फुलचूर नाक्यावर कंडक्टरनं मायला हात धरून उतरवलं, मागून बोरी उतरवली. मी धावत जाऊन बोरीला हात घातला तर माय म्हणाली, राहू दे, तुहे कपडे खराब होतीन. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिथं उभा असलेला ऑटोवाला म्हणाला, "माँजी, बोरी अंदर ही रख दो, कोई बात नहीं." ती बसली, बोरी पायांशी घेतली. मी घरापर्यंत ऑटोच्या मागे गाडी चालवली.

माय आमच्याकडे चार-आठ दिवस राहिली असेल. स्वयंपाकघरात सुनेला मदत केली, नातीला गोष्टी सांगितल्या, माझ्याशीही नेहमीसारखंच बोलली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर म्हणाली, मंग पाहू. मग एका सकाळी, खळ्यावर धान पडून आहे, म्हणाली आणि पिशवी भरली. मी किल्ली हातात घेतली. तिनं ऑटो बोलावला. राहायला आलेली माय पाहुण्यासारखी परत गेली, आणि ते कशानं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बोरी मात्र इथंच राहिली, चपलांच्या कोपऱ्यात. बरेच दिवस मी तिच्याकडे न बघता बूट घालत होतो. मागच्या रविवारी घरात कोणी नसताना पुढच्या सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बोरी तिथं नेऊन बसवली. गाडी सुरू केली तर टूं टूं वाजायला लागली. आधी कळेना. मग लक्षात आलं, शेजारच्या सीटवर वजन आहे, म्हणजे माणूस बसलाय, आणि त्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीला वाटत होतं. मी बोरीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. तिला कळलं बाबूजी, आणि मला दारात बाया बघत असताना कळलं नव्हतं. तुमचा देव इथं कुठला, म्हणून नाक्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन आलो. कुंकू लावायला कोणी नव्हतं. ते मी लावलं नाही, ते मायचं काम.

तिला हे सांगायला रोज फोन करतो. गुडघ्याचं विचारतो, धान विकलं का विचारतो. ठेवताना ती विचारते, "गाडी बरी चालते न? जपून वापरजो. सीटा खराब नोको होऊ देजो." मी हो म्हणतो. काल म्हटलं तिला नाही तर तुम्हाला तरी लिहावं, कुठं टाकायचं ते नंतर पाहू. लिहून झालं, गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या खणात ठेवतोय.

एक राहिलं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही.