दर्याचा देव डबीबाहेर

सोमवार, ४ ऑगस्ट. श्रावणी सोमवार
आलं : चांदीची नाणी २, गोल पारदर्शक डब्यांत सीलबंद. पावतीवर १४,३०० रु., दादाने आधीच भरलेले. कुरिअरवाल्याला पाणी आणि एक केळं. आमचा खर्च तेवढाच.
दादाच्या गावी कुरिअर जात नाही म्हणून पत्ता माझा. गणपतीत येऊन नेणार. त्याचं पोस्टकार्ड परवाच आलंय : डब्या उघडू नकोस, बोट लागलं की नाणं गेलं.
एकावर मारुती, द्रोणागिरी उचललेला. काय काम केलंय! डोंगरावरचं झाड न् झाड वेगळं. शेपटीचे केससुद्धा. आपोआप हात जोडले गेले. उपास सोडायला उशीर.

मंगळवार, ५
दुसऱ्यावर दाढीवाला. हातात त्रिशूळ, पायाशी लाटा, लाटांतून घोडे. मी शंकर समजले, पण नाग नाही, गंगा नाही. स्नेहाने मोबाईलवर बघितलं. "आई, हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. पोसायडन."
रिटायर झाल्यापासून दादा देशोदेशीचे देव जमवतो. सूर्य, वारा, वीज, पाऊस सगळे झाले. समुद्राची जागा तेवढी रिकामी होती.
परका खरा, पण लाटा अशा की नाणं कानाशी धरावंसं वाटतं.
डब्या देवघराच्या फळीवर ठेवल्या. कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात देव ठेवायचे कसे?

गुरुवार, ७
सासूबाईंनी बघितला. त्यांचं माहेर कोन गावचं, खाडीकाठचं. बराच वेळ डबी डोळ्यांशी.
"यो त आपला दर्याचा देव हाय."
म्हटलं, आई, परदेशी आहे तो.
"दर्याला कसला ग देश?"
मग डबी उलटी केली. मागे इंग्लंडची राणी, मुकुट घातलेली. "न् ही कोन? बायको?" हे पॉवरलूमवरून ड्युटी आटपून आलेले, हसता हसता चहा सांडला.
गुडघ्यांमुळे यंदा आईंचं नारळ द्यायला खाडीवर जाणं नाही. नारळ मात्र आणवून ठेवलाय त्यांनी. तेच लागतं मनाला.

शुक्रवार, ८. नारळी पौर्णिमा
गूळ आणि वेलची आणायला गेले, तेवढ्यात...
डबीचं सील फोडलेलं. दर्याचा देव ताम्हनात, तांदळावर. दुधा-दह्याने आंघोळ झालेली, कपाळाला कुंकू, पुढ्यात नारळ. मागच्या राणीलाही हळद.
मी पिशवी तिथेच टाकली. "आई, दादाचं होतं हो ते!"
त्यांचं लक्ष कुठे! "जलमभर नारल सोडला ग. तोंड कदी न्हाय बगला. आज बगला."
मीही नमस्कार केला. खरं तर ओल्या चांदीत तो जास्तच जिवंत दिसत होता. दाढीतून पाणी ओघळत होतं.
नारळीभात करपला जरासा.

शनिवार, ९
राखीपौर्णिमा. हे म्हणतात, "तुझी यंदाची ओवाळणी कट." हसू आलं नाही.
साध्या पाण्याने धुतला, मऊ धोतराच्या तुकड्याने टिपला. चोळला नाही. चोळणं म्हणजे खून, असं दादा म्हणतो. तरी देवाच्या डोक्यामागे, आरशासारख्या आकाशात अंगठ्याचा ठसा राहिलाच. ढगासारखा.
स्नेहाने दुसरं मिळतं का पाहिलं. संपलंय.
आमच्या खंडोबाच्या टाकाचे नाक-डोळे पुसून पुसून सपाट झालेत, तरी देव तो देवच. दादाचे देव मात्र कुणाचा हात लागला नाही म्हणून देव. कसं समजवायचं त्याला? आणि का समजवायचं? त्याने जीव लावून जमवलेत.

रविवार, १०
डबीत परत ठेवायला गेले तर सासूबाईंनी मनगट धरलं.
"पूजा घेतलेला देव असा उचलत न्हाईत. ज्याचा हाय त्याला इचार. तो 'ने' बोलला त आक्षदा टाकून मीच उठवते."
थोड्या वेळाने, जपमाळ ओढता ओढता, "राव दे बोलला त बरा."

सोमवार, ११
दादाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र. स्नेहा म्हणे, फोटो पाठव. फोटोत ठसा दिसत नाही. ते फसवल्यासारखं होईल. लिहिलं ते असं :
"ती. दादास, सा. न. मारुती डबीत सुखरूप. दर्याच्या देवाची मात्र इथे पूजा झाली. अंगठ्याचा ठसा उमटलाय, तो जाणार नाही. चूक डबी फळीवर ठेवणारीची, आईंना बोलू नकोस. रोज फूल वाहताना त्या तुझं नाव घेतात, ज्याचा देव त्याचं भलं कर म्हणतात. तुझ्याकडची त्याची जागा रिकामी आहे हे मी विसरले नाही. इथेही ती कधीपासून रिकामीच होती, हे मला परवा कळलं. तुझा शब्द येईपर्यंत तो ताम्हनातून हलणार नाही. आईंनी अक्षता वाटीत काढून ठेवल्यात, झाकून. उठवू की राहू दे, ते उलट टपाली कळव."