खड्ड्यावरचा कापूस

अमरावती, चैत्र वद्य पंचमी

आज पुन्हा विहिरीच्या पोहऱ्याला नाक लावून पाहिलं. वास आहे. की मलाच भास होतो?

परसात संडासाचे दोन खड्डे. एक भरला की त्यावर राख-माती लोटायची आणि वर्षभर मुरलेला दुसरा उपसून वापरात घ्यायचा. दर चैत्रात हेच. यंदा दुसऱ्या खड्ड्याच्या फळ्यांवर दादाने कापसाचे बोजे रचलेत, कारण घरात जागाच उरली नाही. भरलेला खड्डा आम्ही तसाच वापरतो आहोत, आणि विहीर त्याच्याच उतारावर.

वहिनीचे दिवस भरत आलेत. सकाळी म्हणाली, "भाऊजी, पाण्याले वास येऊन राहिला. तुमच्या भावाले सांगा, माह्यं तं ऐकत नाई."

सांगितलं. दादा हसला. "भाव चढून राहिला, अन् तुले संडासाचं पडलं! बोजे उघड्यावर टाकू का? अवकाळी आला तं?"

"अन् लेकरू झाल्यावर त्याले हेच पाणी पाजशीन?"

"वास तुह्याच नाकात हाय."

मी उठून आलो. का आलो? तो मोठा म्हणून? की कापसात माझाही वाटा आहे म्हणून?

संध्याकाळी शेजारच्या मळ्याकडे गेलो, तर दादा तिथल्या विहिरीवर ओंजळीने पाणी पीत होता. मला पाहून त्याने तोंड पुसलं.

म्हणजे वास आहे.

उद्या उजाडताच बोजे माझ्या खोलीत हलवतो आणि फळ्या काढतो. मी अंगणात झोपेन. दादाला विचारणार नाही.