हजेरीपटावरचा विसावा क्रमांक

मी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी कालच दिला. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले आणि मी दोनपर्यंत पोचेस्तोवर त्याच कंटाळल्या. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. एकीचा आहे, पण ती कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. याआधी केलेली दोन मृत्युपत्रे मी फाडली आहेत, कारण दोन्हींत मी मुद्द्याचे लिहायचे टाळले होते.

कलम १. शिलाई मशीन थोरल्या बहिणीला द्यावे. 'आईने ते मला दिलं होतं,' असे ती तीस वर्षे ऐकवते आहे. आईने ते कुणालाच दिले नव्हते. मी आधी उचलले, एवढेच. सुई मोडलेली आहे, त्यावरून ती मला मेल्यावरही बोलेल. बोलू द्यावे.

कलम २. भिंतीवरचे घड्याळ भाच्याला. तो घरात आला की पहिल्यांदा तेच बघतो आणि मग भिंती बघतो. भिंती त्याला मिळणार नाहीत.

कलम ३. कपाटावर 'शंभर टक्के उपस्थिती'बद्दल मिळालेले पितळी मानचिन्ह आहे. ते भंगारात द्यावे. कोणत्याही शाळेने, संस्थेने किंवा नातेवाइकाने ते मांडून ठेवू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. पुढच्या खोलीत वर्गातला एक जुना लाकडी बाक आहे. शाळेने मोडीत काढला तेव्हा मी तो घरी आणला. त्याच्या डाव्या टोकाला मी कुणाला बसू देत नाही. भाचा त्याला म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणतो. खरे ते लिहिते.

आमच्या शाळेत सरकारी निधीवर एक साहाय्य वर्ग चाले. मोलमजुरी करणाऱ्यांची, घरात अक्षर नसलेली मुले त्यात असत. त्यांना वेगळी शिक्षिका, पुस्तके, दुपारचे जेवण मिळे. नियम असा, की पटावर वीस मुले हवीत आणि ती नियमित हवीत. विसाचे एकोणीस झाले की वर्ग बंद. त्या वर्षी आमच्याकडे बरोबर वीस होती. विसावी म्हणजे धुलाईघरात इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी, वय अकरा. बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. या बाकाचे डावे टोक तिचे.

टकळी यायची बंद झाली. तपासणी तोंडावर आली होती. वर्गशिक्षिका माझ्यासमोर हजेरीपट घेऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, काय करू?" मी तिच्या हातातले पेन घेतले आणि विसाव्या क्रमांकापुढे स्वतः 'उ' लिहिला. उपस्थित. एका मुलीपायी एकोणीस जणांचे ताट ओढायचे का, असा विचार केला. तो विचार मला आजही चुकीचा वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे. मी असा 'उ' सतरा दिवस लिहिला.

मूल तीन दिवस गैरहजर राहिले की शिक्षिकेने त्याच्या घरी जायचे, हाही त्याच योजनेचा नियम होता. टकळीच्या घरी कुणी गेले नाही. ती रोज सकाळी दप्तर घेऊन घरातून निघत होती आणि संध्याकाळी परत येत होती. आईला वाटे, पोरगी शाळेत आहे. आम्हाला वाटे, घरी असेल. सतराव्या दिवशी ती परत आली नाही.

त्याही दिवशी पटावर 'उ' होता, कारण तो मी सकाळी आल्या आल्याच लिहून टाकला होता.

पोलिसांनी विचारले, "मुलगी शाळेत आली होती?" मी हजेरीपट पुढे केला. त्यांनी शोध शाळेच्या फाटकापासून सुरू केला. मागचा नाला उपसला, गच्ची पाहिली, पाण्याची टाकी रिकामी केली. फाटकावरचा शिपाई एकटाच म्हणत राहिला, "अहो, ती पोरगी आलीच नव्हती. पंधरा-सोळा दिवस झाले, मी रोज फाटकात असतो." पट एक सांगत होता, शिपाई दुसरेच. त्याला चार दिवस आत ठेवले. सुटून आला तेव्हा त्याची नोकरी गेली होती. बडतर्फीच्या कागदावर सही माझी आहे.

टकळी सापडली नाही. ती त्या दिवसांत कुठे जात होती, हे कुणी शोधलेच नाही, कारण माझ्या लेखी ती वर्गात बसलेली होती.

जवळच्या शाळेची घंटा साडेदहाला होते. तेव्हा मी या खोलीत असले, तर मनात आपोआप पट सुरू होतो. एकोणीसपर्यंत खोली गप्प असते. मग बाकाचे डावे टोक करकरते. सुताराला दोनदा दाखवले. तो म्हणाला, लाकूड ठणठणीत आहे. मला त्या टोकाची भीती वाटते, आणि ज्या दिवशी ते वाजत नाही त्या दिवशी जास्त वाटते.

कलम ५. आता टकळीची आई. धुलाईघर गुरुवारी बंद असते. गेली पंधरा वर्षे ती दर गुरुवारी माझ्याकडे येते. बाकाच्या उजव्या टोकाला बसते, मी न सांगता. म्हणते, "बाई, तुम्ही तिला शेवटचं बघितलंत. सांगा ना, कशी होती त्या दिवशी?" आणि मी सांगत आले. गणित बरोबर सोडवले, डबा मैत्रिणीला दिला, केसांना निळी रिबीन होती. काहीतरी सांगायचे म्हणून रिबीन मी पदरची घातली. आई चमकली. "निळी? आमच्याकडे नव्हती हो निळी. कुणी दिली असेल?" ती रिबीन देणाऱ्याला ती आजवर शोधते आहे. बाजारातल्या प्रत्येक दुकानात जाऊन आली. तेव्हाही मी गप्प बसले. याची मला लाज वाटते, आणि ती कोणत्याही कलमात मावत नाही.

कलम ६. हे घर टकळीच्या आईच्या नावे करावे. ही भरपाई नव्हे. भाच्याने आदळआपट करू नये. बँकेतली सगळी शिल्लक साहाय्य वर्गाला, पण एका अटीवर: गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी जाणारे एक माणूस त्यातून नेमावे. तिसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी.

कलम ७. टकळीला मी खरोखर शेवटचे पाहिले, ते एका शुक्रवारी, शाळा सुटताना, माझ्या खोलीच्या दारात. रिबीन नव्हती. एका वेणीला सुतळी होती. ती म्हणाली, "बाई, मी आले नाही तर माझं नाव काढाल?" मी कागदांतून मान वर न करता म्हटले, "छे गं, तुझ्यावाचून वीस कसे भरतील?" ती हसली. म्हणाली, "मग ठेवा हं." आणि गेली. का येणार नाहीस, हे मी विचारले नाही. बाकी सगळे मी रचलेले आहे, एवढेच घडलेले आहे. हे तिच्या आईच्या हक्काचे असून माझ्या पश्चात तिला वाचून दाखवावे.

कलम ८. शिपायाला मी शिलकीतला वाटा देऊ केला. तो म्हणाला, "मला काही नको, बाई. मला साक्षीदार करा. तेव्हा माझं बोलणं कुणी खरं धरलं नाही." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून त्याच्याच इच्छेने त्याला काहीही ठेवलेले नाही. वरचे सगळे वाचून त्याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "मेल्यावर कशाला? आज गुरुवारच आहे. येईलच ना ती." त्याने सही अडवून धरली आहे. त्यामुळे कलम ७ मधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी रद्द करत आहे.

ठिकाण: माझे राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा, गुरुवार, सकाळी अकरा
सही: निवृत्त मुख्याध्यापिका

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. सही.

साक्षीदार पहिला: तेव्हाचा शिपाई. सही करण्याआधी लिहून देतो की बाईंनी माझ्यासमोर कलम सात टकळीच्या आईला वाचून दाखवले. आईने ते पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती उजवीकडून सरकून बाकाच्या डाव्या टोकाला बसली आणि बाईंकडे न बघता तिने मला विचारले, "सुतळी तरी खरी ना, दादा?"

मी म्हटले, खरी. त्या शुक्रवारी फाटकात सुतळी मीच बांधून दिली होती. सही.