निम्म्यावरचा काटा

५ जानेवारी २०२६, सोमवार

धावली! अडतीस वर्षांनी अप्पांची जीप धावली! रिटायर झाल्यापासून सहा महिने शेडात तिच्याखाली आडवा होतो. अक्कलकोट रोडनं एमआयडीसी ओलांडली तेव्हा कारखान्यांची सुट्टी झाली होती. टॉवेलवाले कामगार सायकली थांबवून बघायला लागले. एकानं विचारलं, "काका, शूटिंग हाय काय?" मी हॉर्न दाबला. तोच आवाज, घसा बसल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू?

वळसंगच्या अलीकडं वास आला. बॉनेटमधून वाफ! गाडी बाजूला घेतली. रेडिएटरमधलं पाणी रटारटा उकळतंय. फॅनबेल्ट ढिला — गाढवपणा माझाच! एसटीच्या वर्कशॉपात ढिल्या बेल्टवरून मी किती जणांची सालटी काढलीत.

पण टेंपरेचरचा काटा? निम्म्यावर! तांबड्याच्या जवळपास पण नाही. पाणी उकळतंय आणि काटा सांगतोय, सगळं ठीक.

तिथंच मैलाच्या दगडावर बसलो. शिवाअण्णा आठवला.

६ जानेवारी, मंगळवार

रात्रभर तेच डोक्यात. लिहून टाकतो एकदाचं.

अप्पांचं, आमच्या वडलांचं, वडाप होतं. सोलापूर, वळसंग, अक्कलकोट. आत बसतील तेवढी माणसं, मागं फळीवर लोंबकळतील तेवढी. गाडी चालवायचा अण्णा — शिवानंद, माझा थोरला भाऊ. काय ढब होती त्याची! एक हात गिअरवर, दुसरा कोपर बाहेर. कुणाशी मराठी, कुणाशी कन्नड. चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव ठाऊक. म्हाताऱ्या बायका दोन गाड्या सोडून त्याच्याच गाडीसाठी थांबायच्या, कारण त्यांच्या पाट्या तो स्वतः उतरवून द्यायचा.

रविवारी रिकामी गाडी आणताना मला शेजारी बसवायचा. क्लच तो दाबायचा आणि म्हणायचा, "गुरू, टाक गिअर!" मी टाकला की खर्रकन् आवाज. अण्णा हसून हसून बेजार. "आरं, गिअर टाक म्हटलं, बकरं काप न्हाय म्हटलं!" त्या रस्त्यावर जेवढा हसलो तेवढा आयुष्यात परत हसलो नाही.

एप्रिल ८७. वळसंगच्या पुढं इंजिन जाम झालं. रेडिएटर चोंदलेला, पाणी उकळून उडालं आणि पिस्टन आतल्या आत चिकटले. निरोप आला तसे अप्पा आणि मी मिळेल त्या गाडीनं पोचलो. अप्पांनी काही विचारलं नाही. सगळ्या पॅसेंजरसमोर अण्णाच्या कानाखाली काढली. पंचवीस वर्षांचा होता तो!

"ध्यान कुटं हुतं तुजं? काटा बघाया काय झालतं?"

"अप्पा, काटा निम्म्यावरच हुता की!"

"साकु!" पुरे! अप्पा चिडले की कन्नडवर यायचे. "इंजिन जाळलास ते जाळलास, वर खोटं बोलतोस?"

मी अप्पांच्या मागं उभा होतो. मलाही वाटलं, अण्णा खोटंच बोलतोय.

जीप शेडात गेली. अप्पा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. जीपला कुणाला हात लावू दिला नाही. रस्त्यावर लोक अण्णाला "इंजिन जाळणारा" म्हणायला लागले. महिन्याभरात तो बार्शीला गेला. आडतीवर पोती उचलली, मग तिथंच दिवाणजी झाला. परत कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. लग्नकार्यात भेटतो, "बरं हाय का" एवढंच. अप्पांच्या मातीला आला, मूठभर माती टाकली आणि पाण्याचा घोट न घेता निघून गेला. जाताना मी त्याला हाक पण मारली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

उगाच तर्क नको, मोजायचं. सतीश माझा वर्गमित्र, एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला आहे. सुताला रंग द्यायच्या पाण्याचा लांब थर्मामीटर त्यानं आणून दिला. इंजिनच्या हेडमधलं पितळी युनिट काढलं. गरमी कळते ती या युनिटला, काटा ते सांगेल तेवढंच दाखवतो. युनिटला काट्याची वायर जोडली, अर्थिंगची वायर लावली, बुडवलं पातेल्यात आणि शेगडी पेटवली.

सिद्धेश्वरी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, ते माझं भोगीच्या भाजीचं पातेलं हाय! रिटायर झालात म्हणून आता जीपला चहा करून पाजताय व्हय?"

सतीश थर्मामीटर वाचतोय, मी सीटवर बसून काटा बघतोय.

साठ — काटा जरासा हलला.

ऐंशी — पाव.

अठ्ठ्याण्णव, पाणी खळाखळा उकळतंय — निम्म्यावर. आणि तिथंच थांबला.

सतीश म्हणाला, "अजून तापवू का?" मी म्हटलं, अरे बाबा, उकळल्यावर पाणी अजून काय तापणार! उगाच ओरडलो त्याच्यावर.

९ जानेवारी, शुक्रवार

आणखी दोनदा करून बघितलं. तेच. अण्णा खरं बोलत होता.

११ जानेवारी, रविवार

आता खोट कशात? काट्यात की युनिटमध्ये? विजापूर वेशीतल्या जुन्या पार्टवाल्याकडून या जीपचं अस्सल युनिट मिळवलं. तेच पातेलं, तोच काटा. पाणी उकळलं आणि काटा सरळ तांबड्यात! म्हणजे काटा बिचारा चांगला. जुनं युनिटच चुकीचं.

ते उजेडात धरलं. पुसलं. वरचे आकडे बघितले. हे जीपचं नाहीच — ट्रॅक्टरचं आहे! आट्यांत सफेदा भरलेला आणि त्यात लाल सूत गुंडाळलेलं. चादरीच्या मागावरचं, वेस्टेजचं सूत. पाणी गळू नये म्हणून आटे आवळायच्या आधी असं लाल सूत कोण गुंडाळायचं?

मी. दुसरं कोण!

सगळं आठवलं. नुकताच वर्कशॉपात अप्रेंटिस लागलो होतो. अंगात लई मस्ती! इंजिन जाम व्हायच्या आदल्या रविवारी अप्पांना दाखवायला म्हणून जीपचं हेड घासूनपुसून चकाचक करत होतो. पाना निसटला आणि युनिट फुटलं. अप्पांचा मार डोळ्यांसमोर. भंगारातल्या ट्रॅक्टरचं युनिट काढून आणलं. आटे जुळले. गाडी चालू केल्यावर काटा पण वर चढला. म्हटलं, झालं काम! आटे जुळले तरी आतला हिशेब वेगळा असतो, हे मला पुढं दोन वर्षांनी वर्कशॉपात शिकवलं.

म्हणजे शिकलो तेव्हा कळायला हवं होतं! आठवलं नाही? की आठवू दिलं नाही? खरंच सांगता येत नाही. या वहीपाशीसुद्धा सांगता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

जीपवर ताडपत्री टाकली.

१३ जानेवारी, भोगी

सिद्धेश्वरीनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी वाढली. मला रडू फुटलं. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, ताटावर बसून रडतोय! सगळं सांगितलं तिला. मला वाटलं, धीर देईल. ती म्हणाली, "हे मला काय सांगताय? बार्शीची गाडी धरा की!"

म्हटलं, फोन करतो.

"फोनवर? त्यांनी भर रस्त्यात मार खाल्ला आणि तुम्ही घरात बसून फोनवर सांगणार? लाज कशी वाटत न्हाय!"

खरंच वाटत होती लाज. तिला माहीत नाही, अण्णानं तोंडावर दार लावलं तर माझ्यात पुन्हा जायची हिंमत उरणार नाही. आता मला आईबाप दोघंही नाहीत. तो एकच उरलाय मला "गुरू" म्हणणारा.

१५ जानेवारी, गुरुवार

स्टँडवर गेलो. बार्शीची गाडी लागलेली. ड्रायव्हर ओळखीचा, म्हणाला, "या साहेब, पुढं बसा." चहा प्यालो, गाडी सुटताना बघितली आणि घरी आलो.

१६ जानेवारी, शुक्रवार

नवं युनिट बसवलं. बेल्ट आवळला. वळसंगपर्यंत जाऊन आलो, पाणी निवांत, काटा खरा. शेजारची सीट रिकामी होती, एवढंच.

१८ जानेवारी, रविवार

बार्शीला जाऊन आलो. वैनींनी चहा ठेवला. मी बसलोच नाही. उभ्यानंच सांगितलं — युनिट मी फोडलं, ट्रॅक्टरचं मी बसवलं, तू खरं बोलत होतास. आणि पाय धरले.

अण्णानं दंडाला धरून उठवलं. "ठाव हाय मला. तू बसवताना मी मागं दारात उभा हुतो. जाम झाल्या झाल्या कळलं, काटा कशानं फसला ते."

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

"तुला वर्कशॉपात लागून दोन म्हैनं झालतं, गुरू. अप्पांनी परत पान्याला हात लावू दिला असता व्हय तुला?"