आजीला तिच्या बोलीत बोलू दिलं

बॉस्टन, १४ ऑक्टोबर

प्रिय आईस अर्लीनचा प्रेमाचा नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, पण तुझ्या हातच्या मक्याच्या पावाची चव कशालाच नाही. पुस्तकाच्या दौऱ्यातलं हे नववं शहर. माझ्या कादंबरीतलं पान लोकांना वाचून दाखवायचं, सह्या करायच्या, पुन्हा बॅग भरायची. पाय जरा सुजतात, एवढंच.

तुझ्यापासून एक लपवलं होतं. आठ शहरांत मी कादंबरीतल्या आजीचं बोलणं आपल्या डोंगरी बोलीत वाचलंच नाही. लोक हसतील म्हणून शहरी करून वाचलं. टाळ्या पडायच्या, आणि मलाच माझी लाज वाटायची.

काल एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या डोंगरात कादंबऱ्या वाचतं का हो कुणी?" सगळे हसले. मी इतकी दमले होते की रागही आला नाही. म्हटलं, "माझी आई वाचते. शेंगा वाळवायला दोऱ्यात कशा ओवतात ते मी चुकीचं लिहिलं, तर तिनं ते पान तीनदा लिहायला लावलं."

मग तेच पान उघडलं आणि आजीला तिच्या बोलीत बोलू दिलं. मागे दोघी फिदीफिदी हसल्या. मी थांबले नाही. पान शेवटपर्यंत वाचलं. पुस्तकं मात्र चारच खपली.

डेलबर्टदादाचा खोकला कसा आहे? खाणीत जाणं सोडलं ना त्यानं? खरं ते कळव.

घरी आले की तू काहीही बोलत बस गं. मला नुसतं ऐकायचंय.

तुझीच,
अर्लीन