केळीच्या चिकाचा डाग

रविवार, मे १९८५

नव्या गाडीच्या सीटवर केळीच्या चिकाचा डाग पडला. जाणार नाही तो. राहू दे.

सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि विचारलं, "चालवणार कोण?" नवरा बोटीवर, म्हणून सगळे दिराकडे, अंतोनकडे बघायला लागले. किल्ली माझ्या हातात. लायसन माझं, गाडी माझ्या शाळेच्या पगारातली. तरी बघायचं अंतोनकडे. का म्हणून? वर सासरे म्हणाले, "एवढ्याशा डबीत केळीचा एक घड तरी मावेल का?"

घरी आल्या आल्या वाडीतला सगळ्यात मोठा घड उतरवून घेतला आणि माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. आगाशीला नणंदेकडे द्यायला. रागाच्या भरात खाली गोणपाट घालायचं राहिलं. अंतोनलाही तिकडेच जायचं होतं.

"वहिनी, मी कुठे बसू?"

"मागे."

वाटेत गाडी दोनदा बंद पडली, हे खरं. अंतोन हसला नाही, हेही खरं.

संध्याकाळी सासऱ्यांनी दार उघडून डाग पाहिला. "नव्या गाडीला हे काय केलंस?"

"घड मावला," म्हटलं.